अलादो हा शब्द पाली नव्हे

५ नोव्हेंबर २०२४

ही डायरी वर्षाच्या सुरुवातीला एका विमा एजंटाने दिली होती. दहा महिने कपाटात पडून होती. आज बाहेर काढली, कारण जे झालं ते कुठे तरी ओतलं नाही तर मी कुणाच्या तरी टाळक्यात काहीतरी घालीन, आणि चोपन्नाव्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला ते शोभत नाही.

दुपारी कुरियरवाला इंद्रजीत भोयरचं पुस्तक देऊन गेला. ‘प्रज्ञेचे दोन मार्ग: ख्रिस्ती गूढवाद आणि बौद्ध विचार’. मुखपृष्ठावर डावीकडे क्रूस, उजवीकडे पिंपळपान, मधे पिवळा उजेड. पहिल्या पानावर हाताने लिहिलंय, ‘ज्याच्या वह्यांवर मी शिकलो त्या पूनमला, सप्रेम.’ छापील ऋणनिर्देशात बायको आहे, जावई आहे, अक्षरजुळणी करणारा आहे. पूनमसिंग आडे कुठेच नाही. म्हणजे मला एकट्याला कळेल असं कबूल करायचं आणि बाकी सगळ्यांपासून लपवायचं.

पाचवं प्रकरण उघडलं. वाक्यं माझी. दृष्टांत माझा. जिथे तिथे अर्धविराम टाकायची माझी खोडसुद्धा तशीच्या तशी उतरलेली. नागपूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. २०११ साली, माझी पीएच.डी. झाल्यावर, इंद्रजीत माझ्या चार वह्या आठ दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला आणि आठ महिन्यांनी परत केल्या. येताना केळापूरच्या त्याच्या शेतातली तूर आणली होती. ती तूर आम्ही वर्षभर खाल्ली, याचाही आज राग येतोय.

मी याला सोडणार नाही.

६ नोव्हेंबर

काल रागाच्या भरात मुद्दा लिहायचा राहिला. माझं नेमकं काय गेलं ते कागदावर असायला हवं.

माझा प्रबंध ख्रिस्ती गूढवादी साधू आणि बुद्ध यांच्या तुलनेवर होता. दोघेही म्हणतात, शहाणपण मिळवायचं नसतं, मिळवलेलं उतरवायचं असतं. ख्रिस्ती साधू सांगतो, तुझी इच्छा उतरव, पुण्य उतरव, स्वर्गाची आशासुद्धा उतरव. तू पुरता रिकामा झालास की देवाला तुझ्यात यावंच लागतं. बुद्ध सांगतो, नदी ओलांडलीस ना, मग तराफा डोक्यावर घेऊन कशाला फिरतोस. इथवर दोघे एका वाटेने चालतात, पुढे फाटा फुटतो. ख्रिस्ती साधू रिकाम्या घरात पाहुण्याची वाट बघतो. बुद्ध विचारतो, वाट बघणारा कोण आहे. यावर लोकांनी कपाटंच्या कपाटं लिहिलीत. मी त्यात फक्त एक गोष्ट घातली.

माझे पणजोबा लदेणीवर जायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर न्यायचे. मुक्कामाला गोणी उतरवली तरी बैल बराच वेळ एका अंगाला कलूनच उभा राहायचा. ओझं गेल्याचं त्याच्या पाठीला कळायचं नाही. त्या अवस्थेला आमच्या घरात एक शब्द आहे, अलादो. दुसऱ्या तांड्यात मी तो ऐकलेला नाही. मी सातवीत असताना परीक्षा संपल्यावरही पहाटे उठून पुस्तक घेऊन बसायचो, तेव्हा याडीने, म्हणजे आईने, मला हसत हसत तो लावला होता. प्रबंधात मी मांडलं की ओझं उतरणं आणि रिकामं होणं यांच्यामध्ये एक काळ असतो, दोन्ही परंपरांत त्याला नाव नाही, आणि माणूस बहुतेक आयुष्य तिथेच काढतो. परीक्षकांनी पाठ थोपटली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा एक विचार सोडला तर माझं म्हणावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तोच याने नेला.

आता खरी गंमत. इंद्रजीतने छापलंय, ‘पाली भाषेतील अलादो हा शब्द’. पाली. तेही एकदा नव्हे, सहा वेळा. आमच्या बैलाला नेऊन त्याने थेट बुद्धाच्या दारात बांधलंय. चोर पकडायला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

वहीत मी ‘पा. अलादो’ असं टिपलं होतं, पा. म्हणजे पाली, हे खरं. प्रबंधातही तसंच गेलं. पण ते वेगळं. तेव्हा मोठमोठ्या परीक्षकांपुढे तांड्यातला शब्द ठेवला असता तर ते हसले असते. त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

९ नोव्हेंबर

वाचनालयाच्या पुंडलिकरावांचा फोन. इंद्रजीतच्या पुस्तकाचं प्रकाशन १२ जानेवारीला, इथेच यवतमाळात. “आडे सर, तुमीच बोला बा पुस्तकावर. या विषयावर आपल्या जिल्ह्यात दुसरं हाये कोन? भोयर सरांनीच तुमचं नाव सांगतलं.”

त्यानेच सांगितलं. निर्लज्जपणाला काही हद्द असते. मी म्हणालो, येतो की, आनंदाने. फोन ठेवल्यावर खरोखरच आनंद झाला. जेवताना एक भाकरी जास्त गेली. पुष्पाने, माझ्या बायकोने, विचारलं, “आज काय झालं तुमाले?” मी म्हणालो, काही नाही. (घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतो. डायरी मराठीत असल्यामुळे सगळ्यांना मराठी बोलावं लागतंय.)

बेत असा. आधी पंधरा मिनिटं स्तुती, इतकी की त्यालाच अवघडावं. मग सहज विचारायचं, भोयर सर, हा पाली शब्द तुम्हाला कुठे सापडला? तो काहीतरी ठोकून देईल. पुरता अडकला की याडीला वर बोलवायचं. ऐंशी वर्षांची बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली, माइकवर तोच शब्द बोलेल. त्यानंतर इंद्रजीतला या जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. त्याचा चेहरा कसा होईल याचा विचार करत मी आज दोनदा फिरायला गेलो.

१७ नोव्हेंबर

कळंबला जाऊन आलो. आमचा तांडा तिथून चार किलोमीटर. धाकटा भाऊ संजय शेती पाहतो, याडी त्याच्याकडे असते. कापसाची वेचणी चाललीय, सगळे शेतात. याडी एकटी ओट्यावर बसून तिच्या फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरशाचे तुकडे शिवत होती. असा पोशाख आता तांड्यात तिच्यासकट तिघीच घालतात.

मी म्हणालो, तुझा शब्द एका माणसाने चोरून पुस्तकात घातला.

“कोनता शब्द?”

“अलादो.”

ती हसली. “थो माहा कोठचा? माह्या सासूचा हाये थो.” मग दोरा दाताने तोडत म्हणाली, “पुस्तकात कोनाच्या नावानं घातला?”

“पालीच्या.”

“पाली कोन? कोनत्या तांड्याची?”

मी पोट धरून हसलो. हे भाषणात घालायलाच हवं. मग समजावून सांगितलं की पाली ही कुणी बाई नव्हे, जुनी भाषा आहे, बुद्धाच्या शिकवणीची. याडीने सुई थांबवली. “मंग आपल्या घरचा शब्द तिच्या घरचा हाये, असं त्याले सांगतलं कोनं?”

चुकला असेल, मी म्हणालो. तिने पुन्हा शिवायला घेतलं. बारा जानेवारीला यवतमाळला माझ्या कार्यक्रमाला येशील का, असं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. “तुह्या कार्यक्रमाले? मी?” म्हणाली. मग उठून आत गेली आणि पेटीतला चांगला फेटिया काढून मला दाखवायला घेऊन आली. माझ्या कुठल्या कार्यक्रमाला ती याआधी आलेली नाही. पदवीच्या वेळी नागपूरला ऊन फार होतं.

२ डिसेंबर

सत्यशीलाताई घरी आल्या. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी विहारात मुलांना पाली शिकवतात. पिशवीत इंद्रजीतचं पुस्तक, आत कागदाच्या खुणा घातलेल्या.

“सर, अलादो हा शब्द मले सापडूनच नाई राह्यला. तीन पाली कोश पाह्यले. धातूच लागत नाई त्याचा.”

मला आतून उकळ्या फुटत होत्या. म्हणालो, “सापडणार नाही. भोयरांची चूक आहे. तुम्ही बाराला कार्यक्रमाला या, सगळ्यांसमोर सांगतो.”

“पन तुमच्या प्रबंधातही हाये थो. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलती, तवा पाह्यला. पान एकशे चाळीस. पा. अलादो.”

तेवढ्यात पुष्पा चहा घेऊन आली, बरं झालं. एक घोट घेऊन म्हणालो, “टाइप करताना काही तरी झालं असेल.”

सत्यशीलाताईंनी पुष्पाकडे पाहिलं, मग कपाकडे. चहा चांगला झालाय म्हणाल्या. जाताना दारात चपला घालत बोलल्या, “आमच्या आईबापाईच्या हातात कोन्ही पाली आनून देल्ली नाई सर. एक एक शब्द करून शिकलो. त्याच्यात कोन्ही आपल्या मनचा शब्द घातला तं पोराईले मी काय सांगू? म्हनून इचाराले आली.”

साधी बाई आहे. कोशापलीकडे तिला काही दिसत नाही. तिच्या काही लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

३ डिसेंबर

काल सहज बोलून गेलो त्या वाक्यात केवढा दम होता ते आज वर्गात लक्षात आलं. फळ्यावर ‘प्रज्ञा’ लिहीत होतो. प च्या डाव्या बाजूला आत एक छोटा आकडा वळवला की त्याचा य होतो. पा. ची या. होते. या. म्हणजे याडी.

मी वहीत ‘या. अलादो’ लिहिलं होतं, याडीचा शब्द म्हणून. टाइप करणाऱ्याने या. चं पा. वाचलं. इंद्रजीतने वह्या चोरल्या तेव्हा त्यानेही तेच वाचलं आणि शहाणपणा करून पुढे पाली लिहून टाकलं. माझी पदवी वाचते, माझं नाव राहतं, आणि तो बुडतो. विद्यार्थी तीनच होते, त्यांना दहा मिनिटं आधी सोडलं.

घरी येऊन वह्या काढल्या. निळी शाई मिळतीजुळती सापडली. अकरा ठिकाणी आकडा घातला. खरं म्हणजे मी खोटं काही केलंच नाही. शब्द याडीचाच आहे. इतकी वर्षं तिथे खोटं होतं, आज खरं झालं.

२५ डिसेंबर

नाताळची सुटी. सकाळपासून भाषण लिहितोय. मिशनच्या बाजूने घंटा ऐकू येत होत्या.

संदर्भासाठी जुने गूढवादी काढले, तर ते मधेच शत्रूसाठी प्रार्थना करायला सांगतात. तिथे पान उलटलं. बुद्धाकडे जावं तर तो शिव्या देणाऱ्याला विचारतो, तू आणलेलं मी घेतलंच नाही तर ते कोणाकडे राहिलं? पंचवीस वर्षं मी हे शिकवतोय, पोरं माना डोलावतात, मीही डोलावतो. पण त्या दोघांपैकी कुणाच्याही खोलीत इंद्रजीत भोयर राहायला नव्हता.

एका साधूने लिहिलंय की नरकात जळतं ते फक्त ‘माझं’ असतं, ते काढलं तर तिथे जळायला काहीच उरत नाही. बुद्धाचंही म्हणणं फार लांब नाही. यावर मी बराच वेळ विचार केला. मग माझं प्रकरण, माझा दृष्टांत, याचं काय करायचं? उत्तर सापडलं नाही, म्हणून पुष्पाला चहा करायला सांगितला आणि स्तुतीचा परिच्छेद आणखी गोड केला.

५ जानेवारी २०२५

डायरी संपली, मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय.

आज पुष्पाला बेत सांगितला. सांगणं भाग होतं, कारण प्रबंध तिनेच टाइप केलाय. तेव्हा ती दिवसा अंगणवाडीत जायची आणि संध्याकाळी माझी पानं घेऊन बसायची. मी म्हणालो, कोणी विचारलंच तर म्हण, अक्षर लागलं नाही, चूक झाली.

ती तांदूळ निवडत होती. “मी इचारलं होतं तुमाले,” म्हणाली.

“काय?”

“याडीचा शब्द पाली कसा, म्हनून. दोनदा इचारलं होतं. तुमी म्हनलं, तुले काय समजते, लिवलं तसं टाईप कर.”

मला असलं काही आठवत नाही. म्हणालो, इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाच्या ध्यानात राहतं?

“माह्या राह्यलं,” ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. रागावलीय. दोन दिवसांत ठीक होईल. एका अक्षराची चूक पदरात पडून तिचं असं काय बिघडणार आहे? तिला बाहेर ओळखतं कोण?

१२ जानेवारी

झालं. सगळं नीट लिहून ठेवतो, कारण हे पुन्हा पुन्हा वाचायचं आहे.

हॉल भरलेला होता. याडी संजयबरोबर सकाळच्या बसने आली. लाल फेटिया, अंगात आरशांची कांचळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. लोक वळून वळून बघत होते. पुंडलिकरावांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी पुष्पा. इंद्रजीत फार वाळलाय, काठी टेकत आला. मला मिठी मारायला पुढे झाला, पण मी फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

स्तुती ठरल्याप्रमाणे केली. मग विचारलं, भोयर सर, हा पाली शब्द तुम्हाला कुठे सापडला?

त्याने माइक ओढला. “तुह्याच वहीत, पूनम.”

हे माझ्या बेतात नव्हतं. मी म्हणालो, “पुस्तकात तसा उल्लेख दिसला नाही.”

“नाई हाये. घालाले पाह्यजे होता. आख्ख्या नोकरीत माहं एकही पुस्तक निघालं नाई. शेवटी एक निघालं, तं वाटलं, त्याच्यात तुह्यं नाव आलं तं माहं काय राह्यते? चोरीच हाये ते. चुकलो मी.” आणि खाली बसला.

त्याने थापा मारायला हव्या होत्या. घाम पुसायला हवा होता. दोन महिने ज्याच्यासाठी धार लावत होतो ते त्याने अर्ध्या मिनिटात हातात देऊन टाकलं. मला इतका संताप आला की पुढची दोन वाक्यं विसरलो. पण थांबलो नाही. म्हणालो, चोरी तर आहेच, वर अज्ञानही आहे. हा शब्द पाली नव्हेच, हा माझ्या आईचा शब्द आहे. आणि याडीला वर बोलावलं.

ती माइकसमोर उभी राहिली आणि मुळीच घाबरली नाही. “अलादो,” म्हणाली. “गोनी उतरली तरी बैल वाकडाच राह्यते. मंग त्याले हाकलाचं नाई, माराचं नाई. त्याच्या बाजूनं उभं राह्याचं, पाठीवर हात ठेवाचा. होते मंग थो सरळ.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रजीत काठी टाकून उठला आणि तिच्या पाया पडला. पाठीवर हात ठेवायचा हा भाग मला नवीन होता. तिने पूर्वी सांगितला असेल तर मी लिहून घेतला नव्हता. ख्रिस्ती साधूचा देव नाही, बुद्धाची शून्यता नाही, बाजूला नुसतं कुणीतरी उभं. प्रबंधात हे असतं तर प्रकरण अजून वजनदार झालं असतं. आता घालता येणार नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सत्यशीलाताई उठल्या. “आडे सर, मंग तुमच्या प्रबंधात पा. कसं आलं?”

मी तयारच होतो. वही उघडून दाखवली, या. अलादो, अकरा ठिकाणी. म्हणालो, टाइप करताना या चा पा झाला. माझ्या पत्नीने टाइप केलं होतं, ती इथेच आहे.

सगळ्या माना पुष्पाकडे वळल्या. ती उठून उभी राहिली. “हो. टाईप मीच केलं,” म्हणाली. कुणीतरी हसून म्हणालं, “वहिनी, एका अक्षरानं केवढा घोळ केला.” लोक हसले. पुष्पा खाली बसली. याडी वरून तिच्याकडे बघत होती.

जिंकलो. दहा-बारा जणांनी हात हातात घेतले. पाचच्या बसने याडी आणि संजय कळंबला गेले. पुष्पाही गेली. म्हणाली, याडीला सोडून येते.

१५ जानेवारी

काल संक्रांत होती. पुष्पा आली नाही. फोन उचलत नाही. संजयने उचलला, म्हणाला, “भाभी याडीजवळच हाये. तिचा इचार तिलेच माहीत.” तिळगूळ शेजारच्यांनी दिला.

इंद्रजीतचा निरोप आलाय की दुसऱ्या आवृत्तीत माझं नाव घालतो आणि भुरीबाईंचंही घालतो. याडीचं नाव त्याने विचारून घेतलं म्हणे. मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं होतं आता हलकं वाटेल. राग जसाच्या तसा आहे, फक्त तो कुणावर करायचा ते सापडत नाहीये.

१८ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. सत्यशीलाताईंनी पत्र दिलंय. कुणाविरुद्ध तक्रार नाही, एवढीच मागणी की प्रबंधातल्या पाली शब्दांतून अलादो काढावा. प्राचार्य सोमवारी ते विद्यापीठाला पाठवणार आहेत, माझ्या खुलाशासह.

“टाइप करणाऱ्याचं सहीचं पत्र जोडा,” ते म्हणाले. “मग प्रश्न मिटला. नाहीतर शब्द मुद्दाम घातला असा अर्थ निघतो, आणि मग विषय पदवीपर्यंत जातो. हे तुम्हाला कळतंच आहे.”

मला कळतं. पदवी गेली तर त्या हॉलमधला प्रत्येक माणूस इंद्रजीतला विसरेल आणि माझ्यावर हसेल. उद्या कळंबला जाऊन पुष्पाचं पत्र आणतो. दोन ओळींचं काम आहे.

१९ जानेवारी

सकाळी गेलो. पुष्पा आणि याडी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. याडीने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली.

पुष्पाने पूर्ण ऐकून घेतलं. संजयच्या पोरीच्या वहीतला एक कागद मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि अगदी तळाशी सही केली. सौ. पुष्पा पूनमसिंग आडे. खाली तारीख. वर सगळं कोरं. कागद माझ्यापुढे धरला.

“मजकूर?” मी विचारलं.

“तुमी लिवा.”

“मी काय लिहू?”

“आजवर तुमी लिवलं तेच मी टाईप केलं. आताही तुमी जे लिवान ते माह्यं म्हननं राहीन. माही सही हाये.”

“तू कधी येशील?”

“लिवून झालं की मले वाचून दाखवा. मंग सांगीन.” आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

दोनच्या बसने परत आलो. आता साडेचार झालेत. कागद टेबलावर आहे. रिकामेपणावर मी दोनशे ऐंशी पानं लिहिलीत, आणि या एका पानापुढे दीड तास बसलोय.

आधी दुसऱ्या कागदावर लिहून पाहिलं, ‘माझ्या वाचण्यातील चुकीमुळे’. हेच हवं होतं, हेच सोमवारी चालेल. पण सही मनात धरून वाचलं की पुष्पाचा आवाज येतो, आणि तो आवाज हे म्हणत नाही. मग लिहून पाहिलं, ‘चूक माझी आहे.’ त्याच्याखाली तिची सही, म्हणजे चूक पुन्हा तिचीच. या कागदावर मी कितीही वेळा ‘मी’ लिहिलं तरी तो मी नसणार. ख्रिस्ती साधूने माणसाकडून हेच मागितलं होतं, बुद्धानेही हेच, आणि मी ते दोन भाषांत समजावून सांगू शकतो. केलं कधी नाही.

सूड असा घ्यायचा असतो. दोन महिने मी बेत रचले, वह्यांतलं अक्षर बदललं, म्हाताऱ्या आईला बसमधून आणली, आणि इंद्रजीतला ओरखडाही उठला नाही. हिने शेंगा सोलता सोलता मला पुरता पकडला. इतकी निर्दय ती असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी कागद ओढला आणि लिहिलं:

‘हा शब्द माझ्या सासूबाई भुरीबाई धावजी आडे यांच्या घरातला आहे. टाइप करताना मी पतीला दोनदा विचारले होते की तो पाली कसा. शब्द घरचा आहे हे त्यांना माहीत होते. त्यांनी पाली असेच लिहायला सांगितले. वहीतील अक्षर त्यांनी मागच्या महिन्यात बदलले.’

शेवटचं वाक्य तिला माहीत नव्हतं. आता ते तिचं म्हणणं झालंय.

शाई वाळू दिली. मग फोन लावला. बराच वेळ वाजला, आणि तिने उचलला.

“लिहिलं,” मी म्हणालो. “वाचू?”

“वाचा,” ती म्हणाली.